जिवंत पाण्याची ऊब

तळ्याकाठच्या पिशव्यांच्या कारखान्याला कुलूप लागून बरेच दिवस झाले होते, पण कारखाना जोरात चालू असतानाही त्याच्या आवारात एवढी माणसं कधी जमली नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर माणसं, पत्र्याच्या छपरावर माणसं. एकाने आजारी आईला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. एक बाई तान्हं मूल खांद्यावर टाकून टाचा उंचावून उभी होती. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली नाहीतर कॅन. त्या सगळ्या बाटल्या प्लास्टिकच्याच होत्या, आणि लोक जमले होते ते प्लास्टिकपासून सुटका करून घ्यायला. पण असल्या गोष्टी लक्षात येण्याचा तो दिवस नव्हता.

मंचावर जलदादा उभा होता. गुडघ्यापर्यंत पांढरा कोट, पाय अनवाणी. कोट बघून डॉक्टर वाटावा आणि पाय बघून साधू, अशी दोन्हीकडची सोय त्याने करून ठेवली होती.

"तुमच्या पोटात काय आहे?" त्याने विचारलं.

"प्लास्टिक!" आवार गरजलं.

"रक्तात?"

"प्लास्टिक!"

"गुडघा दुखतो तो म्हातारपणामुळे दुखतो का?"

"नाही!"

"विसरायला होतं, झोप लागत नाही, सून उलटून बोलते, हे कशामुळे?"

"प्लास्टिक!" लोक हसत हसत ओरडले. हसण्यातही विश्वास होता. जलदादाला तेवढा पुरेसा होता.

त्याच्यापुढे काचेच्या दोन मोठ्या टाक्या होत्या. डावीकडे नळाचं साधं पाणी होतं. उजवीकडे तळ्यातलं हिरवंगार पाणी. ती टाकी निळ्या कापडाने झाकलेल्या चौथऱ्यावर ठेवली होती. जलदादाने एक पातळ, पारदर्शक पिशवी उंच धरली, सगळ्यांना दाखवली, तिच्यात फुंकर मारून फुगवली आणि डावीकडच्या पाण्यात बुडवली. पिशवी जराशी लुळी पडली, पण होती तशीच राहिली. त्याने ती काढून झटकली.

"हे मेलेलं पाणी," तो म्हणाला. "यात प्लास्टिक हजार वर्षं राहील. आता बघा."

दुसरी पिशवी त्याने हिरव्या पाण्यात सोडली. ती आक्रसली, तिच्या कडा विरल्या, मग मध्ये भोक पडलं आणि बघता बघता पिशवी नाहीशी झाली. छपरावरची माणसं पुढे वाकली.

"खाल्ली!" जलदादा हळूच म्हणाला. "माझ्या लेकरांनी खाल्ली. कुणाला शंका असेल त्याने वर यावं. हात घाला पाण्यात. घाबरू नका, चावत नाहीत."

एक जाडजूड गृहस्थ वर आले. त्यांनी हात बुडवला आणि दचकून काढला.

"ऊबदार आहे हो!"

"असणारच. तुमचं अंग ऊबदार का असतं?"

"जिवंत आहे म्हणून."

"मग?"

त्या 'मग'वर टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

गर्दीच्या शेवटी, फाटकाला टेकून धाकटी उभी होती. घरात दोघी बहिणी, त्यांतली ही धाकटी, म्हणून सगळा मोहल्ला तिला धाकटीच म्हणायचा. ती नगरपालिकेच्या पाणीखात्यात संशोधक होती, केसांत पांढरं दिसू लागलं होतं, तरी नाव तेच. आज ती बाबांच्या हट्टापायी आली होती. बाबा पुढच्या रांगेत थोरलीच्या शेजारी बसले होते आणि सारखे मागे वळून ती आहे ना याची खात्री करून घेत होते.

"हे मी मनाने सांगत नाही," जलदादाचा आवाज चढला. "याच शहरातल्या एका विदुषी ताईंनी नगरपालिकेच्या सभागृहात सांगितलंय, की या तळ्यातल्या जिवांच्या अंगात प्लास्टिक तयार होतं, आणि ते मातीत टाकलं तर मातीच होतं. सांगितलं की नाही, ताई?"

सगळ्या माना फाटकाकडे वळल्या. धाकटीच्या कानशिलांपर्यंत गरम झालं. सांगितलं होतं. शब्द अन् शब्द तिचाच होता. बाबांनी तर खुर्चीवरून उठून हात उंचावला, माझीच मुलगी म्हणून. आणि तो हात थरथरत होता.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. बाजारपेठेतल्या एका अरुंद गाळ्यात, डोळ्याला भिंग लावून, त्यांनी आयुष्य काढलं. शहरातल्या निम्म्या लोकांच्या मनगटावरची वेळ त्यांच्या हातून गेलेली होती. मग हाताला कंप सुटला. आधी बारीक स्क्रू निसटायचे, पुढे पुढे चिमटाही धरवेना. डॉक्टरांनी सांगितलं, हा मज्जातंतूंचा आजार आहे, औषधाने थोडा थोपवता येईल, जाणार नाही. बाबांनी गाळा उघडणं सोडलं नाही. रोज सकाळी जायचे, काउंटरमागे बसायचे, आणि कुणी घड्याळ आणलं की म्हणायचे, "उद्या या, आज गर्दी आहे." गाळ्यात चिटपाखरू नसायचं.

अशा माणसाला जलदादाने हात हातात घेऊन सांगितलं होतं, "बाबा, विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं ना? तसंच तुमच्या नसांवर चढलंय. माझी लेकरं ते खातील. सकाळ-संध्याकाळ एक पेला."

त्या दिवशी सभेहून घरी आल्यावर थोरलीने कॅनमधलं हिरवं पाणी पेल्यात ओतलं. धाकटीने पेला धरला.

"बाबा, हे पिऊ नका."

"का? तूच तर म्हणतेस, या जिवांमध्ये गुण आहे."

"मी म्हणते ते जीव वेगळे. मी तळ्यातून एक जात निवडून घेतली, धुऊन, वेगळी करून बाटलीत वाढवली. तळ्यात शेकडो जाती आहेत. उन्हाळ्यात वर जी हिरवी साय येते ना, तिच्यातल्या काही जाती विष सोडतात. थेट यकृतावर जातं ते. पाणी उकळलं तरी विष जात नाही."

"विष असतं तर एवढी माणसं धडधाकट फिरली असती का?" थोरली म्हणाली. शिवणकामाचं दुकान ती एकटी सांभाळायची, बाबांची आंघोळ, जेवण, औषधं सगळं तिच्याच अंगावर होतं, आणि तिच्या बोलण्यात त्याचा थकवा असायचा. "तुझं म्हणजे काय गं, आपण केलं तर संशोधन आणि दुसऱ्याने केलं तर विष?"

"ताई, पिशवी अशी मिनिटात खाल्ली जात नाही. कुठलाच जीव खाऊ शकत नाही."

"डोळ्यांनी बघितलंय मी."

"मी पण बघितलंय. बघितलं तेवढंच खरं, त्याने सांगितलं ते नाही."

बाबा दोघींकडे बघत होते. त्यांनी धाकटीच्या हातातून पेला हलकेच सोडवून घेतला. "पोरी," ते म्हणाले, "तू किती वर्षं खपतेयस त्या खोलीत? शेवटी मला काय आणून दाखवलंस? नखाएवढा पापुद्रा. मी हात लावला तर तुटला. मला अभिमानच आहे. पण हा माणूस तुझंच काम करतोय, फक्त भरभर करतोय. रागावू नकोस."

आणि ते प्यायले. कंपामुळे निम्मं सदऱ्यावर सांडलं. धाकटी मनात म्हणाली, सांडू दे, सगळं सांडू दे.

बाबा बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पाणीखात्याच्या गाळणीघरामागे तिची खोली होती. फळीवर काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत एक हवेची नळी, वर दिव्यांची रांग. त्या बाटल्यांमध्ये तिने निवडलेले जीव वाढायचे. आधी त्यांना पोटभर खाऊ घालायचं, मग एक गरजेचं खत तोडायचं. जीव घाबरतो, पुढे वाईट दिवस येणार म्हणून अंगात साठा करून ठेवतो. माणूस चरबी साठवतो, हे जीव प्लास्टिकसारखा पदार्थ साठवतात. मग त्यांना गाळायचं, फोडायचं, धुवायचं. एवढ्या खटाटोपानंतर तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. तिचा पापुद्रा कुंडीत पुरला की काही महिन्यांनी खरंच माती व्हायचा. तिचा आनंद तेवढाच होता. बाटलीत एखादा परका जीव शिरला की सगळी वाढ नासायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दुकानातली पिशवी स्वस्त होती, तिची भुकटी महाग होती, आणि हे कधी बदलेल ते तिला सांगता येत नव्हतं. विचारलं तर ती तसंच सांगायची. जलदादाला कुणी काही विचारलं की त्याच्याकडे उत्तर तयार असे, आणि लोक त्याच्याकडे जात.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आवारात गेली आणि शंकेखोराने वर यावं म्हणताच मंचावर चढली. पिशवी हातात घेऊन उलटसुलट पाहताना तिने एक कोपरा फाडून मुठीत ठेवला. खोलीवर येऊन त्याचा एक बारीक तुकडा थंड पाण्यात टाकला. मऊ पडला, तसाच राहिला. हिरव्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून आणला होता, तो वाटेत गार झाला होता. त्यात तुकडा टाकला. काही नाही! तिने पुन्हा पाहिलं. ज्या पाण्याने मंचावर पिशवी गिळली, तेच पाणी इथे तुकड्याला शिवतही नव्हतं. लेकरं तीच होती, मग काय बदललं होतं?

तिने चहासाठी ठेवलेल्या भांड्यातलं कोमट पाणी पेल्यात घेतलं, साधं नळाचं, आणि तुकडा त्यात सोडला. तुकडा आक्रसला, विरला, गेला.

ती खुर्चीत बसून एकटीच हसली. ऊब! लोकांना हात घालून पाहायला लावायचा, जिवंतपणाचा पुरावा म्हणून दाखवायचा, ती ऊबच सगळं करत होती. पिशवी गरम पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाची होती. खाणारं तिथे कुणीच नव्हतं. आणि ती ऊब त्याने लपवलीही नव्हती, उलट लोकांच्याच हातात दिली होती.

त्या आनंदात तिचे पुढचे काही दिवस गेले. ती तुकडे टाकत होती, तापमान मोजत होती, कुणी बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा करून बघत होती. घरी ती रोज विचारायची, "बाबा, पाणी प्यालात का?" आणि बाबा लहान मुलासारखे मान हलवून नाही म्हणायचे. थोरली तेव्हा मशीनवर मान खाली घालून शिवत असायची.

मग एका सकाळी बाबा आरशासमोर उभे होते आणि खिडकीतून ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं होतं. त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता.

इस्पितळातली डॉक्टर तरुण होती आणि झोप न झालेली. तिने पोट दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं, आणि धाकटीला बाहेर बोलावलं.

"यांनीही ते पाणी घेतलंय?"

"यांनीही म्हणजे?"

डॉक्टरने वॉर्डाकडे नुसती मान वळवली. रांगेतले चेहरे पिवळे होते. त्यांत ते जाडजूड गृहस्थ होते. "सांगून थकले मी," डॉक्टर म्हणाली. "तपासायचं म्हटलं की म्हणतात, प्लास्टिक बाहेर पडतंय, त्याचा हा रंग. जलदादाने आधीच सांगून ठेवलंय तसं. पिवळे झालात की समजा गुण येतोय."

"बाबांचं कसं आहे?"

"यकृत फार खराब झालंय. वय आहे. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

धाकटी कॉटशेजारी जाऊन बसली. नर्स पलीकडच्या कॉटवरच्या मळलेल्या चादरी गोळा करून एका पारदर्शक पिशवीत भरत होती. पिशवीचं तोंड तिने बांधलं आणि सगळं गाठोडं ढकलगाडीवर टाकलं.

"पिशवीतून काढून धुवत नाही?" धाकटीने विचारलं.

"छे! हात नको लागायला म्हणून तर ही पिशवी. तशीच मशीनमध्ये टाकतात. गरम पाण्यात आपोआप विरघळते."

धाकटी त्या पिशवीकडे बघत राहिली. चमत्कार इथे रोज होत होता, धुलाईखान्यात, आणि कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. तिने नर्सकडून कोऱ्या पिशव्यांची एक घडी मागून घेतली, डॉक्टरला सगळं सांगितलं आणि दुपारच्या सभेत हे दाखवते म्हणाली. डॉक्टर म्हणाली, "जा. मीही येते. वॉर्डातल्यांना वाचवायचं तर बाहेरच्यांना थांबवायला हवं." थोरली बाबांच्या उशाशी बसली होती. "तू बस, ताई, मी येतेच," धाकटी म्हणाली. थोरलीने मान डोलावली.

दुपारची सभा रंगात आली होती. जलदादा शंकेखोरांना बोलावत होता. धाकटी वर चढली. तिच्या हातात चहाची मोठी किटली, बर्फाचा डबा आणि काचेचे दोन पेले होते.

"या या, ताई!" जलदादा खुशीत म्हणाला. "आज चहा पाजणार वाटतं?"

लोक हसले. ती म्हणाली, "हे पाणी नळाचं आहे. तुम्ही याला मेलेलं म्हणता ना?"

"मेलेलंच ते."

तिने किटलीतलं कोमट पाणी पेल्यात ओतलं आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईला खाली उतरून चाखायला दिलं. बाई म्हणाली, "साधंच आहे." धाकटीने जलदादाच्या गठ्ठ्यातली एक पिशवी उचलून त्यात घातली. पिशवी आक्रसली, कडा विरल्या, पाणी नितळच राहिलं. पिशवी नव्हती.

आवारात कुजबुज झाली. जलदादा डगमगला नाही. "कढत पाण्यात काय विरघळत नाही, ताई? साखर विरघळते, मीठ विरघळतं. माझी लेकरं न उकळता खातात, ही त्यांची किमया!"

"बरोबर. मग तुमच्याच लेकरांना जरा गारवा देऊ." तिने दुसरा पेला त्याच्या हिरव्या पाण्यात बुडवून भरला आणि त्यात मूठभर बर्फ टाकला. थांबली. ढवळला. मग पिशवी सोडली.

पिशवी तरंगत राहिली.

"लेकरांना थंडी वाजली," मागून कुणीतरी ओरडलं, आणि पहिल्यांदाच त्या आवारात जलदादावर हसू फुटलं.

"लेकरं नाहीतच," धाकटी म्हणाली. "म्हणजे आहेत, पण ती पिशवी खात नाहीत. अशाच पिशव्या इस्पितळात मळक्या चादरींसाठी वापरतात." तिने नर्सकडची घडी उलगडून दाखवली. "आणि या पाण्याला ऊब कशाने आलीय, ते या चौथऱ्याखाली बघा."

डॉक्टरने पुढे होऊन निळं कापड ओढलं. खाली विजेची शेगडी लालसर पेटली होती आणि तिची वायर मंचाच्या फटीतून मागे गेली होती.

मग धाकटीने वॉर्डातल्या पिवळ्या चेहऱ्यांबद्दल सांगितलं. तळ्यातल्या सायीबद्दल सांगितलं. पाणी ओतून द्या म्हणाली, तिने हात जोडले. काही लोकांनी शेगडीकडे बघून शिव्या दिल्या. एकाने मंचावर बाटली भिरकावली. जलदादा हात जोडून म्हणाला, "ज्यांची श्रद्धा कच्ची, त्यांच्यासाठी मी मौन धरतो." आणि मौन धरून तो मंचाच्या मागच्या बाजूने उतरला, तो पुन्हा त्या शहरात दिसला नाही. पांढरा कोट तेवढा फाटकापाशी पडलेला सापडला.

धाकटी इस्पितळात परतली तेव्हा तिला धावत जिना चढावासा वाटत होता. बाबांना सांगायचं होतं, खाली शेगडी होती बाबा, शेगडी! यंत्राचं पोट उघडून दाखवल्यावर त्यांचे डोळे कसे चमकतात ते तिला माहीत होतं.

बाबांचे डोळे मिटलेले होते. थोरली त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांच्या ओठांशी पेला धरत होती. पेल्यात हिरवं पाणी होतं.

"ताई!"

"औषध मध्येच तोडायचं नसतं," थोरली म्हणाली. तिचा आवाज शांत होता, ठाम होता. "तू रोज विरोध केलास, मी चोरून दिलं. चोरून दिलेल्याला गुण कसा येईल? आज नीट देतेय."

धाकटीने पेला हिसकावला आणि खिडकीबाहेर रिकामा केला. शेगडीचं, बर्फाचं, पिशवीचं सगळं तिने एका दमात सांगितलं. थोरली ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तो खोटा असेल. पण तुला कुणी सांगितलं की पाणी खोटं आहे?"

धाकटीला उत्तर माहीत होतं. रक्ताचे अहवाल होते, नमुने होते, नावासकट त्या विषाची माहिती होती. थोरलीच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं, की हे आता मान्य केलं तर आपल्या हातांनी काय दिलं तेही तिला मान्य करावं लागेल. आणि ते कुठलाच जिवंत माणूस सहजी मान्य करत नाही. धाकटी रिकामा पेला धुवायला घेऊन गेली.

बाबा आणखी काही दिवस होते. शुद्धीत असताना एकदा म्हणाले, "गाळ्याच्या कुलपाला तेल घाला, कुरकुरतं." शेगडीचं सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं की नाही, ते समजलं नाही. ते गेले त्या दुपारी वॉर्डात ऊन होतं, आणि कंप सुटल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे हात स्थिर होते.

थोरली त्यानंतर धाकटीशी कामापुरतंच बोलायची. नातेवाईक येत, सांत्वन करत, आणि दाराबाहेर कुजबुजत, की भर सभेत बुवाला बोलली, बापाला बाधलं. धाकटीच्या कानांवर ते जायचं. ती चहाचे कप उचलायची.

पुढच्या महिन्यात नगराध्यक्षांनी तिला बोलावलं. जलदादाच्या पहिल्या सभेला हार घालायला हेच गृहस्थ गेले होते, आता त्यांच्या कचेरीच्या भिंतीवरून त्या सभेचा फोटो उतरवलेला होता आणि तिथे चौकोनी फिकट डाग उरला होता.

"मॅडम, तुम्ही शहरावर उपकार केलेत," ते म्हणाले. "पण लोक फार चिडलेत. तळ्यातले जीव, त्यांचं प्लास्टिक, हे शब्दच आता नकोत. उद्या कुणी म्हणेल, नगरपालिकाच पाळतेय असले जीव."

"साहेब, त्याने केलं ते ढोंग होतं. मी करते ते खरं आहे. तुम्ही खोलीत येऊन बघा."

"सामान्य माणसाला कसा कळणार हा फरक?"

"समजावून सांगितला की कळतो. मंचावर कळला ना?"

"कळून काय झालं?" नगराध्यक्ष पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघत म्हणाले. "माणसं तर अजूनही तळ्यावर जातात."

खोली रिकामी करायला तिला मुदत मिळाली. तिने हवेच्या नळ्या एकेक करून काढल्या. बुडबुडे थांबले तशी खोली इतकी शांत झाली की शेजारच्या गाळणीघरातलं पाणी ऐकू येऊ लागलं. जीव तिने सांडपाण्यात सोडले नाहीत, नियमाप्रमाणे उकळून मारले आणि मग ओतले. एक बाटली परक्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला पाठवली. त्यांची पोच आली नाही.

नगराध्यक्ष खोटं बोलले नव्हते. जलदादा गेला, मंच मोडला, तरी सकाळी तळ्याच्या उतारावर माणसं कॅन घेऊन यायचीच. आता तर मध्ये कुणी नव्हता. पाणी फुकट होतं. पालिकेने लावलेली धोक्याची पाटी कुणीतरी उपटून पाय ठेवायला फळी म्हणून चिखलात टाकली होती. धाकटी रोज तिथे जायची. पाणीखात्यात तिला आता बिलांच्या टेबलावर बसवलं होतं, त्याआधीचा वेळ तिचा होता. ती प्रत्येकाला थांबवून सांगायची. काही ऐकून घ्यायचे आणि ती गेल्यावर भरायचे. काही म्हणायचे, "त्या घड्याळवाल्यांची मुलगी ना? बिचारी."

एका सकाळी एक बाई कॅन बुडवता बुडवता थांबली. तान्हं मूल तिच्या खांद्यावर होतं.

"तुम्ही म्हणता हे पाणी वाईट. कशावरून?"

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. धाकटी घाईघाईने तिच्याजवळ गेली. तिने हिरव्या सायीबद्दल सांगितलं, यकृताबद्दल सांगितलं, इस्पितळात कोणकोण होतं ते सांगितलं, डॉक्टरांना भेटवते म्हणाली. बाई ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "मग बाळाच्या रक्तातलं प्लास्टिक कशाने जाईल?"

"रक्तात काही कण सापडतात, हे खरं आहे. ते काढायचा उपाय अजून कुणाकडे नाही," धाकटी म्हणाली. "माझ्याकडेही नाही."

बाईने मान हलवली. ती रागावली नव्हती. "म्हणजे तुमच्याकडे काहीच नाही," ती म्हणाली, आणि कॅन भरून चढण चढू लागली.

"बाळाला तरी देऊ नका हो!" धाकटी मागून ओरडली. बाईने वळून पाहिलं नाही.

धाकटी दुसऱ्या दिवशीही गेली आणि आजही जाते. तिचं म्हणणं फार मोठं नाही. कुणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी त्याच्या भांड्याखाली काय आहे ते बघा. गरम करून झालं असेल तर गार करून बघा. कुणी औषध दिलं तर ते कुणी तपासलं आणि कसं तपासलं ते विचारा. विचारल्यावर जो रागावतो, हसण्यावारी नेतो किंवा मौन धरतो, त्याच्याकडून काही घेऊ नका. जो 'मला माहीत नाही' म्हणतो त्याच्यापाशी मात्र जरा थांबा, तो रिकाम्या हातांनी आला असला तरी. आणि बुवा खोटा निघाला, की नुसतं हसून घरी जाऊ नका. तो शहर सोडून जातो, त्याने भरून दिलेली बाटली स्वयंपाकघरात राहते. ती आधी ओतून टाका.